वाटेबाहेरचें गाणें

नवें गाणें ऐकावेंसें वाटणें ही कांहीं आजच्याच पिढीची आवड नव्हे. कानाला सवयीच्या चालींचा वीट येतो, हें जुन्या रसिकांनाहि ठाऊक होतें. आणि वीट आला म्हणजे मनुष्य दुसरीकडे कान देऊं लागतो, हेंहि तितकेंच जुनें आहे. फरक असलाच तर इतकाच कीं, 'दुसरीकडे' म्हणजे कोणीकडे, याचें उत्तर प्रत्येक पिढीला निराळें मिळालें. आजच्या भाषणांत मी त्या उत्तरांचा थोडासा इतिहास सांगणार आहें. तो साऱ्या महाराष्ट्राचा इतिहास नव्हे. नांदगांवच्या स्टेशनावरून जो लोहमार्ग पूर्वेस जळगांवाकडे व पश्चिमेस नाशिककडे जातो, त्याच्या दोन्ही अंगांस जें गाणें झालें आणि जें पुष्कळ दिवस शहरांतील सुशिक्षित घरांच्या कानांवर गेलें नाहीं, त्याविषयीं मुख्यत्वें मला बोलावयाचें आहे.

राजरस्ता म्हणजे काय, आणि तो हलला म्हणजे काय होतें, हें नांदगांवच्या माणसाला निराळें शिकवावें लागत नाहीं. १८६० नंतरच्या थोड्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आमच्या गांवावरून भुसावळकडे गेली. पुढें कित्येक वर्षें वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेला मुंबईचा प्रवासी नांदगांवास उतरत असे, व येथून टांग्यानें डोंगर ओलांडून वेरूळास जात असे. एकोणिसावें शतक संपतां संपतां निजामाच्या राज्यांतून मनमाडापर्यंत नवा लोहमार्ग आला, आणि तोच प्रवासी मनमाडहून परभारें औरंगाबादेस जाऊं लागला. लेणीं जागच्या जागीं राहिलीं, नांदगांवहि जागच्या जागीं राहिलें. वाट तेवढी हलली.

गाण्याचेंहि असेंच होत आलें आहे. गाणारे आपापल्या जागीं असतात. ऐकणाऱ्यांची वाट मात्र कोणीतरी आंखून देतो. कधीं तो दरबार असतो, कधीं व्यापारी, कधीं सरकारी खातें. त्या वाटेवर जें पडतें त्यालाच आपण संगीत म्हणतों, आणि वाटेपासून अर्ध्या कोसावर जें चाललेलें असतें त्याला बायकांचें गुणगुणणें, गोंगाट किंवा तमाशा असें कांहींतरी नांव देऊन मोकळे होतों.

आज ज्याला आपण शास्त्रोक्त गायन म्हणून मान देतों तें तरी शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं मध्यम वर्गाच्या वाटेवर कोठें होतें? खानदानी गवई चीज सांगत ती पोटच्या मुलाला, नाहीं तर गंडा बांधलेल्या शागीर्दाला. आणि तीहि पुरतेपणीं सांगतील असा भरंवसा नसे. चीज देणें म्हणजे घरची मिळकत देणें, अशी ती समजूत होती, व तिच्यावर पोट अवलंबून असलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देतां येत नाहीं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशानें वकील. १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले, पुढें उत्तर हिंदुस्थानांत हिंडले, जुने ग्रंथसंग्रह धुंडाळले, उस्तादांचीं मनें वळविलीं, कोणाशीं वादहि घातले. आणि जें हातीं लागलें तें स्वरलिपींत मांडून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति – क्रमिक पुस्तक मालिका' या नांवानें सहा भागांत छापून टाकलें. त्यांच्या थाटपद्धतीवर विद्वानांनीं आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांतले कांहीं मला पटतात. परंतु कुलुपाआडची वस्तु त्यांनीं चार-चौघांच्या अंगणांत आणून ठेवली, ही गोष्ट त्या आक्षेपांनीं पुसली जात नाहीं.

दरबार मोडले आणि वाट आंखण्याचें काम ग्रामोफोन कंपनीकडे आलें. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग हा कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें. तबकडी फिरे ती अवघी तीन मिनिटें. जें तीन मिनिटांत मावेल तें गाणें, असा नियम यंत्रानेंच घालून दिला. जी घरंदाज मंडळी मुलींना गाणें शिकवीत नव्हती, त्याच मंडळींच्या दिवाणखान्यांत कोठीवरच्या गायिकांचे आवाज शिरले, हा त्या यंत्राचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे. पण रात्रभर चालणारें जागरण, गोंधळ, सबंध पोवाडा, कीर्तनाचें आख्यान, हीं तबकडीवर बसतीं कशीं? आणि ज्या घराला यंत्र विकत घेण्याची ऐपत, त्याच घराची आवड कंपनी पाहणार, हेंहि उघडच आहे.

मग रेडिओ आला. मुंबईचें केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. रेडिओला तीन मिनिटांची अडचण नव्हती. त्याची अडचण निराळीच. येथें कोणी तरी ठरवी, कीं लोकांनीं काय ऐकणें चांगलें. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनिअमवर, म्हणजे आपल्या साध्या पेटीवर, बंदी घातली. पेटीचे स्वर ठोकळ्यासारखे, त्यांत मींड निघत नाहीं, श्रुतींचा निकाल लागतो, असा आक्षेप होता. शास्त्रदृष्ट्या तो अगदींच खोटा नव्हता. परंतु भजनी मंडळी, कीर्तनकार, नाटकवाले आणि जलसेवाले यांचें सारें गाणें त्याच पेटीवर उभें होतें, हें त्या शास्त्राला दिसलें नाहीं. ही बंदी १९७१ नंतर सैल होत गेली. पुढें १९५२ सालीं केसकर हे नभोवाणीचे मंत्री झाले, आणि सिनेमाच्या गाण्यांवर गदा आली. त्याचा परिणाम काय झाला? लोकांनीं सुया फिरविल्या आणि कोलंबोचें रेडिओ सिलोन लावलें. तेथें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मी लहान असतांना बुधवारीं रात्रीं आठ वाजतां आमच्या गांवीं ज्या दुकानांत रेडिओ असे, त्या दुकानापुढें उभे राहावयास जागा मिळत नसे. म्हणजे जें सर्वांत अधिक लोकांना हवें होतें तें ऐकण्यासाठीं समुद्रापलीकडे कान लावावा लागला! १९५७ सालीं 'विविध भारती' काढून सरकारनें आपली चूक निस्तरली. हा प्रसंग मला नेहमीं गमतीचा वाटत आला आहे. सांगावयाचें तात्पर्य, राजरस्ता कोणता आणि आडवाट कोणती हें गाण्याच्या अंगच्या गुणावर ठरत नाहीं.

आतां त्या लोहमार्गानें पूर्वेकडे चलावें. चाळीसगांव, पाचोरा आणि मग जळगांव. जळगांवाजवळ असोदें या गांवीं १८८० सालीं बहिणाबाईंचा जन्म झाला, आणि जळगांवच्या चौधरींच्या घरीं त्यांचा संसार झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत, चुलीपाशीं, जात्यापाशीं त्या आपल्या लेवा गणबोलींत गाणीं रचीत आणि गात. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवि म्हणून प्रसिद्ध होते. सभा-संमेलनांतून त्यांना बोलावणीं येत. म्हणजे एकाच घरांत एक कवि राजरस्त्यावर होता, आणि दुसरा चुलीपाशीं. सोपानदेवांनीं व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीं त्या गाण्यांपैकीं जमतील तितकीं लिहून काढलीं. ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, आणि हें छापलें नाहीं तर गुन्हा होईल असें त्यांना वाटलें. 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें १९५२ सालीं. बहिणाबाई वारल्या ३ डिसेंबर १९५१ रोजीं.

या दोन तारखांमधलें अंतर पुष्कळांनीं हळहळून सांगितलें आहे. मला त्याहून निराळी एक हळहळ वाटते. पुस्तकांत आले ते शब्द. बहिणाबाई तीं गाणीं ज्या चालींवर म्हणत, आवाज कोठें चढवीत, कोठें थांबत, जात्याचा फेरा आणि शब्दाचा फेरा कसा जुळवीत, यांतलें काय आलें? छापखान्याला चाल खिळ्यांत बसवितां येत नाहीं. पुढें १९६१ सालीं 'मानिनी' या चित्रपटांत त्यांचीं कांहीं गाणीं वसंत पवार यांनीं दिलेल्या चालींवर आलीं, आणि तीं घरोघर झालीं. त्या चाली गोड आहेत, याबद्दल वाद नाहीं. परंतु आज बहिणाबाईंचें गाणें म्हणा असें सांगितलें, तर आपण सारे सिनेमांतली चाल म्हणतों, व ती बहिणाबाईंचीच असें समजतों. ज्याला आपण शोध लागला असें म्हणतों, त्या शोधांत गाण्याचें अर्धें अंग हरवलें.

चाल आधीं जाते आणि शब्द मागाहून जातात, हें मीं माझ्या वर्गांत पाहिलें आहे. १९९० च्या सुमारास सातव्या इयत्तेच्या मुलांना मीं घरच्या आजीकडून दोन-दोन ओव्या लिहून आणावयास सांगितलें. चाळीसांतल्या तिसांनीं आणल्या. एका मुलीनें तर पाठपोट चार पानें आणलीं. ओव्या बावनकशी होत्या. आमचा तालुका खानदेशाच्या सीमेवरचा, त्यामुळें कांहींत अहिराणीचे शब्द होते, आणि श्रावणांतल्या कानबाईचीं वर्णनें होतीं. मग मीं म्हटलें, आतां म्हणून दाखवा. मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. ज्यांनीं धीर केला त्यांनीं त्या ओव्या शाळेंतल्या कवितेच्या चालीवर, नाहीं तर त्या सालच्या सिनेमाच्या चालीवर म्हटल्या. घरीं जातें कोपऱ्याला उभें; आजीनें शब्द सांगितले ते ओट्यावर बसून, गद्यांत सांगावे तसे. तिला तरी बसल्या बसल्या चाल कशी आठवावी? ती चाल तिच्या गळ्यांत नव्हतीच. ती तिच्या खांद्यांत आणि मनगटांत होती.

हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे, कारण शहरांतील तरुण श्रोत्यांपैकीं अनेकांनीं जातें फिरतांना पाहिलें नसेल. पहांटे, उजाडण्यापूर्वीं दोन-तीन तास, दोघी जणी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघी धरीत. एकीनें डाव्या हातानें मूठभर बाजरी वैरावी, आणि उजव्या हातानें ओढावें. मूठ पडली कीं दगड जड होई, गाणें मंदावे. दाणा संपत आला कीं पाळू हलकी फिरे, आणि गाणेंहि सैल होऊन पुढें धांवे. पहिली ओळ एकीनें काढावी, दुसरीनें ती उचलावी, मधल्या जागा 'बाई', 'सये' अशा भरतीच्या शब्दांनीं भरून काढाव्या, आणि शेवटचा शब्द दगडाच्या घरघरीबरोबर लांबवावा. तबल्यावरच्या ठेक्याला मात्रा मोजतां येतात. या ठेक्याची मात्रा धान्यावर आणि दळणारीच्या दमावर अवलंबून असे. ऐकणारा कोणी नसे. घरांत सारे निजलेले; जें सासूसमोर, नवऱ्यासमोर बोलतां येत नसे तें त्या दगडासमोर बोलतां येई. मग गांवांत डिझेलवरची पिठाची गिरणी आली, आणि पहांट मोकळी झाली. जातें गेलें म्हणून दुःख करणारे बहुतेक पुरुषच असतात, असें मीं पाहिलें आहे. जिनें तीस वर्षें रोज दोन पायली दळलें तिला विचारा. ती गिरणीवाल्याला आशीर्वादच देईल. गाणें राहावें म्हणून तिचे खांदे झिजत राहावे, अशी इच्छा धरण्याचा कोणालाहि अधिकार नाहीं.

या ओव्या वेंचण्याचें काम ज्यांनीं आरंभिलें त्यांत साने गुरुजींचें नांव घेतलेंच पाहिजे. अमळनेरच्या शाळेंत ते शिक्षक होते, धुळें व नाशिक येथील तुरुंगांत त्यांनीं दिवस काढले, आणि 'श्यामची आई' तर त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांतच लिहिली. बायकांच्या ओव्यांचा त्यांचा संग्रह 'स्त्रीजीवन' या नांवानें प्रसिद्ध झाला. ज्या काळीं विद्वान् लोक मोरोपंतांच्या आर्यांचे अन्वय लावण्यांत गुंतले होते, त्या काळीं या शिक्षकानें निरक्षर स्त्रियांच्या तोंडच्या ओळी वाङ्मय म्हणून मांडल्या, हें लहान धाडस नव्हे. पुढें डॉ. सरोजिनी बाबर यांनीं सरकारच्या लोकसाहित्य समितीमार्फत पुष्कळ खंड प्रसिद्ध केले; दुर्गाबाई भागवतांनीं लोकसाहित्याकडे शास्त्राच्या दृष्टीनें पाहावयास शिकविलें. कागदाला जेवढें पेलतें तेवढें या सर्वांनीं करून ठेवलें आहे.

परंतु एका गाण्याकडे या वेंचणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें लक्ष गेलें नाहीं, आणि तें गाणें याच जिल्ह्यांत, त्यांच्या डोळ्यांसमोर, भर मोकळ्या मैदानांत चाललें होतें. आतां पश्चिमेकडे वळूं.

२ मार्च १९३० रोजीं नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व तो कित्येक वर्षें चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. १९३८ सालच्या फेब्रुवारींत मनमाडास रेल्वेंतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. येवलें आणि मनमाड हीं दोन्ही गांवें आमच्या शेजारचीं. या सभांचा वृत्तांत इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतो. सभा उठल्यावर, किंवा सभेच्या आधीं, जें गाणें होई त्याचा वृत्तांत मात्र फारसा कोणीं लिहिला नाहीं. त्या गाण्याला जलसा म्हणत. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे पूर्वीं होऊन गेलेच होते. आंबेडकरी जलसा त्यांच्या पावलावर पाऊल टाकून निघाला. नाशिक जिल्ह्यांतलेच भीमराव कर्डक यांनीं तरुण मंडळी जमवून जलशाचा फड उभा केला, आणि गांवोगांव फिरविला.

सांचा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणें, झांज, आणि रेडिओनें ज्या पेटीला मनाई केली ती पेटी. आरंभीं गण, मग गवळणीच्या जागीं सवाल-जबाब, मग वगाच्या जागीं एखादें प्रहसन. पण आंतला माल सारा निराळा. गणांत देवतेची आळवणी नाहीं; प्रहसनांत दारू, सावकाराचें कर्ज, अंगांत येणें, मेलेलें जनावर ओढण्याचें काम, मुलाला शाळेंत घालावें कीं न घालावें, असे विषय. स्त्रीपार्ट पुरुषच करीत. दिवसा मोलमजुरी, रात्रीं जलसा. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना वाचतां येत नव्हतें. तेव्हां वर्तमानपत्रानें जें काम शिकलेल्या वर्गांत केलें तें येथें गाण्यानें केलें. आपल्या भाषणांपेक्षां जलशाचें काम मोठें आहे, अशा अर्थाचे उद्गार खुद्द डॉ. आंबेडकरांनीं काढले, असें जलसाकार अभिमानानें सांगत आले आहेत. भीमराव कर्डकांनीं उतारवयांत, १९७८ सालीं, आंबेडकरी जलशांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. आपलें गाणें आपणच इतिहासांत नोंदविण्याची पाळी त्यांच्यावर आली.

या गाण्यावर रसिकांचा एक आक्षेप असतो, तो येथेंच घेतलेला बरा. ते म्हणतात, यांत नवें काय? चाली तर नाटकांतल्या, सिनेमांतल्या उचललेल्या. आक्षेप घेणारे बहुधा नाट्यसंगीताचे भोक्ते असतात, म्हणून त्यांना आठवण द्यावीशी वाटते, कीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'तील पदें साकी, दिंडी, कामदा अशा लोकांच्या ओठीं असलेल्या चालींवर आणि लावणीच्या वळणावर बसविलेलीं होतीं. आणि १९११ सालच्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनीं ज्या चाली दिल्या त्यांच्या मागें ठुमऱ्या आणि बंदिशी उभ्या होत्या. थोरांनीं घेतलें तर ती परंपरा, आणि गरिबांनीं घेतलें तर ती उचलेगिरी, हा न्याय मला कळत नाहीं. शिवाय जलसाकाराला परिचित चाल हवीच होती. एकदां ऐकून श्रोत्यानें ती घरीं नेली पाहिजे, कारण उद्यां तो जलसा दुसऱ्या गांवीं असे, आणि मागें पुस्तक नाहीं, तबकडी नाहीं, असें कांहींच उरत नसे.

या परंपरेला पुढें जो मोठा कवि मिळाला तोहि याच जिल्ह्याचा. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें झाला. पोटासाठीं ते मुंबईस गेले. अक्षरें ते तेथें मोठेपणीं शिकले. १९४३ पासून गाणें जें सुरू झालें तें १५ मे २००४ रोजीं ते वारले तोंपर्यंत थांबलें नाहीं. त्यांच्या गीतांची संख्या हजारांवर जाते. 'वाटचाल', 'मोहोळ' हे त्यांचे संग्रह निघाले, परंतु त्यांचा खरा छापखाना म्हणजे गांवोगांवचे गायक. वामनदादा पेटी किंवा तुणतुणें घेऊन एका वस्तींत रात्र काढीत, गीत देत, आणि पुढें जात; ते गेल्यावर तें गीत त्या वस्तीचें होई. पुष्कळ वर्षें मोठ्या शहरांतील काव्यसंमेलनांना हें नांव माहीत नव्हतें. त्याच वर्षांत १४ एप्रिलला, जयंतीच्या रात्रीं, आमच्या तालुक्यांतल्या लहान मुलांना त्यांचीं दहा-दहा गीतें तोंडपाठ असत.

१९८० च्या सुमारास टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि कॅसेट निघाली. तबकडी काढावयास कारखाना लागे. कॅसेटची नक्कल आठवड्याच्या बाजारांतला दुकानदारहि करूं शके. ग्रामोफोन कंपनीनें शतकाच्या आरंभीं आंखलेली वाट या लहानशा पेटीनें मोडली. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज आषाढीच्या दिवसांत विठ्ठलाच्या गाण्यांनीं सर्व थरांतल्या घरांत शिरला. त्याच गळ्यांतून निघालेलीं भीमगीतें मात्र निराळ्या मोहल्ल्यांत वाजत राहिलीं. एकच गळा, तेच वाद्यमेळ, आणि दोन वाटा! विठ्ठल उमप यांच्या शाहिरीचेंहि असेंच झालें. आज मोबाइल फोन आणि यूट्यूब यांनीं कॅसेटहि मागें टाकली आहे. ज्या अहिराणीला पुण्या-मुंबईकडे गांवढळ म्हणत, तिच्यांतलीं लग्नाचीं गाणीं आतां कोट्यवधि वेळां ऐकलीं जातात. त्यांतलीं कांहीं उथळ आहेत, हें सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं. बोली आपली म्हणून गाणें चांगलें, असें होत नाहीं.

आतां त्या जात्याकडे एकदां परत जावयाचें आहे, कारण तेथें शेवटीं चालहि सांपडली. गी पॉइटविन हे फ्रान्समध्यें जन्मलेले आणि पुण्यास स्थायिक झालेले गृहस्थ, व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर, हे दोघे मावळ-मुळशीच्या डोंगरांत गरिबांच्या संघटनेचें काम करीत. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनीं ओव्या जमविण्यास आरंभ केला. त्यांची रीति मला फार शहाणपणाची वाटते. संघटनेंत काम करणाऱ्या बायकांनींच आपल्या आयांच्या, मावशांच्या, शेजारणींच्या ओव्या लिहून आणाव्या, असें त्यांनीं ठरविलें; परका वही घेऊन दारांत उभा राहिला तर जें मिळतें, आणि लेक आईजवळ बसली तर जें मिळतें, त्यांत पुष्कळ अंतर आहे. हजारांहून अधिक गांवांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. मग संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल हे या कामांत आले, आणि नव्वदीच्या दशकांत जात्यापाशीं बसून गाणाऱ्या स्त्रियांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. दगडाची घरघर, दोघींचे आवाज, मूठ पडल्यावर मंदावणारी लय, हें सारें त्यांत आहे. पॉइटविन २००४ सालीं वारले, राईरकरबाईहि पुढें गेल्या. २०१७ पासून हा संग्रह पत्रकार पी. साईनाथ यांनीं स्थापिलेल्या 'पारी' या संग्रहालयामार्फत इंटरनेटवर क्रमाक्रमानें येऊं लागला, आणि ज्याच्यापाशीं मोबाइल आहे त्या कोणासहि तो ऐकतां येतो.

त्या संग्रहांत सीता आहे, पंढरीची वाट आहे, माहेरचा भाऊ आहे, सासुरवास आहे. हें सारें अपेक्षितच होतें. परंतु बीड जिल्ह्यांतील माजलगांव येथें १९९६ सालीं मुद्रित झालेल्या ओव्या ऐकतांना मी थबकलों. तेथील स्त्रियांनीं जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या आहेत. चाल तीच, रामाला आणि विठोबाला जी लावीत ती, दगड तोच, नांव मात्र नवें. पुरुषांचा जलसा मैदानांत ढोलकीवर जें सांगत होता, तेंच या बायकांनीं, कोणी ऐकत नसतांना, पहांटेच्या अंधारांत आपल्या शब्दांत बसविलें होतें. ओवी म्हणजे जुन्या काळची ठेव, तींत नवें कांहीं शिरत नाहीं, अशी आम्हां पुस्तकें वाचणाऱ्यांची समजूत. नव्या गाण्याला तेथें जागा होती. तें ऐकणारा मात्र पन्नास-साठ वर्षांनीं तेथें पोंचला.

'पारी'ची मंडळी अलीकडे त्या जुन्या नोंदी घेऊन पुन्हां गांवोगांव जाऊन आली. पूर्वीं गाणाऱ्या कांहीं जणी आतां हयात नव्हत्या. ज्या होत्या त्यांच्यापुढें कोणीतरी माळ्यावरचें जातें उतरवून ठेवलें, आणि कांहीं जणींना खुंट्याला हात लागतांच ओव्या एकीमागून एक आठवूं लागल्या.